एका मूळ कार्ब्युरेटरचा शोध

इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, सनदा, बखरी आणि लढाया हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. बारामती-इंदापुराच्या ज्या मुलुखांतून प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस मिळाला, तेथें असल्या सामग्रीची वाण नाहीं. इंदापुराशीं मालोजीराजे भोसल्यांचें नांव जोडलेलें आहे, आणि बारामती ही तर मोरोपंतांची कर्मभूमि. परंतु आमचा विषय याहून पुष्कळच लहान, अक्षरशः ओंजळींत मावेल एवढा आहे. मोटारीच्या इंजिनास हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण करून पुरविणारा जो कार्ब्युरेटर, त्यासंबंधानें हे चार शब्द आहेत. एवढ्याशा धातूच्या वस्तूसाठीं वाचकांचा वेळ कां घ्यावा, अशी शंका येणें साहजिक आहे. आमची इतकीच विनंती कीं, उत्तर शेवटीं द्यावयाची आम्हांस मुभा असावी.

आमचे एक बागाईतदार स्नेही इंदापूर तालुक्यांत राहतात. नीरेच्या डाव्या कालव्यावर त्यांचा ऊस आहे. त्यांच्या घराच्या पडवींत ताडपत्रीखालीं त्यांच्या वडिलांची एक जुनी दोन आसनांची मोटार उभी आहे. एम. जी. कंपनीची 'टी. सी.' या नांवाची ही गाडी. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत या जातीच्या सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. लांब नाक, तारांचीं चाकें, पुढें दुमडून निजवितां येणारी कांच, असें तिचें रूप आहे. इंजिन अवघें १२५० घनसेंटिमीटरांचें. पण त्यावर एस. यू. जातीचे, सव्वा इंच मापाचे, जुळ्या भावांसारखे दोन कार्ब्युरेटर असतात, आणि गाडीची सारी चपळाई त्या जोडीवर अवलंबून असते. स्नेह्यांच्या गाडीवर मात्र ही जोडी नव्हती. तिच्या जागीं दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा एकच सोलेक्स कार्ब्युरेटर, लोखंडी पट्टीला भोकें पाडून बसविलेला होता. गाडी चालत होती. तक्रार करण्यासारखें फारसें नव्हतें. तरीहि वडिलांच्या पश्चात् आमच्या स्नेह्यांनीं मनावर घेतलें कीं, गाडीला तिचे मूळचे कार्ब्युरेटर मिळवून द्यावयाचे. 'मूळचे' हा शब्द त्यांनीं सहज उच्चारला. त्याचा अर्थ ठरवितां ठरवितां आम्हां दोघांचीं दोन वर्षें गेलीं.

प्रथम या उपकरणाचें काम काय तें पाहूं. पेट्रोल पातळ स्थितींत इंजिनाच्या कामाचें नाहीं. त्याचे अगदीं बारीक तुषार हवेंत मिसळले पाहिजेत, आणि तेहि ठराविक प्रमाणांत. वजनानें सुमारें पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल, हें तें प्रमाण. पेट्रोल अधिक झालें तर धूर होतो व तेल फुकट जातें. कमी पडलें तर इंजिन तापतें व अडखळतें. अगदीं आरंभीच्या मोटारींत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेनें भारीत असत. जर्मन यंत्रज्ञ विल्हेल्म मायबाख यानें १८९३ च्या सुमारास तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला, आणि तेव्हांपासून या विद्येस वळण लागलें. तत्त्व साधें आहे. हवेची वाट एके ठिकाणीं अरुंद केली कीं तेथें हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळें बारीक छिद्रांतून पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें. अत्तरदाणीचा अनुभव असलेल्यांस हें समजावून सांगावयास नको.

अडचण येते ती इंजिनाच्या बदलत्या भुकेमुळें. चढ चढतांना त्यास फार हवें, उतारावर थोडें. सोलेक्स, झेनिथ इत्यादि कार्ब्युरेटरांत वाट कायमची एकाच मापाची ठेवून, निरनिराळ्या प्रसंगांसाठीं निरनिराळीं छिद्रें, म्हणजे जेट, योजिलेलीं असतात. इंग्लंडांतील स्किनर बंधूंनीं निराळा विचार केला. हे पादत्राणांच्या व्यापारांतील घराणें. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जो कार्ब्युरेटर योजिला, त्यांत हवेची वाटच मागणीप्रमाणें लहानमोठी होई, आणि ती तशी करण्यासाठीं त्यानें चक्क चामड्याचा भाता वापरला होता. घरच्या धंद्यांतील कातडें असें यंत्रांत जाऊन बसलें! पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला, पण एस. यू. हीं 'स्किनर-युनियन' या नांवाचीं अक्षरें कायम राहिलीं. १९२६ सालीं मॉरिस मोटारींच्या मालकानें ही कंपनी विकत घेतली, आणि त्याच्याच छत्राखालीं वाढलेल्या एम. जी. गाड्यांवर एस. यू. ची जोडी हें जणूं घराण्याचें लेणें झालें.

या दट्ट्याच्या बुडाशीं एक निमुळती सुई असते. ती जेटमध्यें खालवर होते, आणि जेट व सुई यांमधील फटींतून पेट्रोल झिरपतें. सुई किती निमुळती, तें अंतराअंतरावर इंचाच्या सहस्रांशांपर्यंत ठरलेलें असतें, आणि सुईच्या डोक्यावर अक्षरें कोरून तिची जात सांगितलेली असते. टी. सी. गाडीस ०.०९० इंचाचें जेट व 'ई. एस.' या खुणेची सुई, असें कारखान्याचें शास्त्र आहे. शिवाय दट्ट्या आणि त्यावरचें घटासारखें झांकण हीं कारखान्यांत एकमेकांस जुळवून दिलेलीं असतात. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या झांकणांत घातला तर तो अडकतो किंवा सैल पडतो. बाहेरून सर्व एस. यू. सारखेच दिसतात, खरा भेद या आंतल्या गोष्टींत असतो.

असा योग्य कार्ब्युरेटर ओळखावा कसा? पुष्कळ एस. यू. वर फ्लोटच्या भांड्याच्या झांकणावर क्रमांकाची लहानशी धातूची चकती लावलेली असते. पण भांडें उघडणाऱ्या पहिल्याच उतावळ्या हातानें ती हरवते. मग उरतो तो अंगावरचा पुरावा: ओतीव कामावरचे आकडे, भांड्याचा तिरकसपणा, कारण इंजिनावर बसण्याचा कोन गाडीगणिक निराळा असतो, सुईवरचीं अक्षरें, स्क्रूंची घडण. आम्हीं पहिली जोडी घेतली ती ज्यानें 'अस्सल टी. सी. ची' म्हणून विकली, त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. जोडी चांगली घासून लखलखीत केलेली होती. घरीं आणून उघडली तेव्हां दोन्ही सुया दोन निराळ्या जातींच्या निघाल्या, आणि भांड्यांचा कोन आमच्या इंजिनास जमेना. लखलखाटास भुलून आपण पुरावा पाहिला नाहीं, ही चूक आमचीच होती.

दरम्यान आमचें लक्ष काढून ठेवलेल्या त्या सोलेक्सकडे गेलें. गांवच्या मिस्त्रींनीं तो हातांत घेतांक्षणींच सांगितलें, "हा फियाटचा." आणि त्या एका शब्दासरशीं आमचा शोध इंग्लंडाहून एकदम इंदापूर तालुक्यांतच परत आला.

याच तालुक्यांत कळंब गांवच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं उसाची शेती व साखर-कारखाना यांची जी वसाहत उभी केली, ती आज वालचंदनगर म्हणून ओळखली जाते. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ रेल्वेच्या ठेकेदारीपासून आगबोटींपर्यंत आणि विमानांपासून साखरेपर्यंत सर्वत्र संचार करून गेले. मोटार हिंदुस्थानांतच तयार व्हावी हा ध्यास त्यांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच घेतला होता. तत्कालीन सरकार त्यास अनुकूल नव्हतें. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, व तिचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला झाला. आरंभीं अमेरिकन गाड्यांची जुळणी करून, पुढें १९५१ पासून इटलीच्या फियाट कंपनीशीं सहकार्य झालें. पन्नासाच्या दशकांत आलेली 'फियाट ११००' व तिचीच पुढची पिढी 'प्रीमियर पद्मिनी' या गाड्यांनीं आपल्या मध्यमवर्गाचीं कितीतरी लग्नें, यात्रा आणि उन्हाळी सुट्या वाहून नेल्या. पद्मिनीचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं संपलें. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर १९२३ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं वयोमर्यादा संपून निवृत्त झाली. शंभर वर्षांचा हा उल्लेख एवढ्यासाठीं कीं, जी वस्तु कालपरवांपर्यंत रस्त्यावर धांवत होती ती इतिहासांत केव्हां जमा झाली, हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं.

आतां सोलेक्सचें कोडें उलगडलें. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. जुन्या इंग्लिश गाड्या ज्यांच्या घरीं होत्या, त्यांस सुटे भाग मिळेनासे झाले. एस. यू. ची दांडी झिजली, तिच्या बाजूनें हवा शिरूं लागली, जेट गळूं लागलें, म्हणजे मिस्त्री काय करणार? शेजारीं देशी फियाट होती. तिचा कार्ब्युरेटर पुण्या-मुंबईस सहज मिळत होता. त्यानें पट्टी कापली, भोकें पाडलीं, आणि गाडी चालती केली. स्नेह्यांच्या वडिलांनीं तीच गाडी पुढें कित्येक वर्षें वापरली. आमच्या स्नेह्यांनीं लहानपणीं तिच्यांत बसून जो प्रवास केला, तो एस. यू. च्या नव्हे, सोलेक्सच्या जोरावर! मग 'मूळचा' कार्ब्युरेटर कोणता? ॲबिंग्डनहून आलेला, कीं ज्यानें या घरची सेवा केली तो?

या ठिकाणीं आम्हांस एका अगदीं निराळ्या क्षेत्राची आठवण झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम चाललें. १९२५ पासून त्याची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं वाहिली. नाना लिपींतील हस्तलिखितें मिळवून, श्लोकाश्लोकास ताडून, उपलब्ध पुराव्यानें मागें जेथवर जातां येईल तेथवरचा पाठ त्यांनीं निश्चित केला. त्यापूर्वीं सतराव्या शतकांत आपल्या गोदातीरींच्या नीलकंठ चतुर्धर यांनींहि अनेक प्रती जमविल्या होत्या. पण त्यांचा हेतु निराळा होता. जें जें चांगलें दिसलें तें तें त्यांनीं आपल्या प्रतींत घेतलें, म्हणून त्यांचा ग्रंथ वाचकांच्या उपयोगी पडला व घरोघर गेला. नीलकंठांनीं ग्रंथ चालता ठेवला, सुकथनकरांनीं त्याचें मूळ शोधलें. एकानें दुसऱ्याचें काम फोल ठरत नाहीं. आमच्या गांवचा तो अज्ञात मिस्त्री नीलकंठांच्या पंथाचा होता, आणि आम्ही उगाच त्याच्यावर रागावलों होतों.

चिकित्सित आवृत्तीची एक रीत तर आम्हांस फारच मोलाची वाटते. जे पाठ संपादक वर घेत नाहींत, ते तो फेकून देत नाहीं. पानाच्या तळाशीं पाठभेद म्हणून, कोणत्या प्रतींत काय आहे तें सांगून, ते सर्व जपून ठेवितो. पुढच्या विद्वानास त्याचा निर्णय तपासून पाहण्याची वाट मोकळी राहते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें अलीकडे जी 'तुरीनची सनद' स्वीकारली, तिचाहि मथितार्थ हाच आहे: दुरुस्तीपेक्षां जतनास अधिक मान द्यावा, वाहनाच्या आयुष्यांत झालेले बदल हेहि त्याच्या इतिहासाचे साक्षी मानावे, आणि जें नवें घातलें त्याची नोंद ठेवावी.

या दृष्टीनें पाहूं लागल्यावर आमचा मार्ग सरळ झाला. योग्य कोनाच्या भांड्यांची, पण दांड्या झिजलेली, मळकट अशी एक जुनी जोडी अखेर हातीं आली. तिला कोणी घासलें नव्हतें, म्हणूनच तिच्यावरच्या खुणा शाबूत होत्या. दांड्यांसाठीं नव्या बुशी बारामतीच्या एका लेथवाल्या कारागिरानें करून दिल्या. माप इतकें नेमकें कीं, हवा शिरण्यास जागा उरली नाहीं. जेट, सुया आणि बुचाच्या चकत्या इंग्लंडांत सॉल्सबरी येथून मागविल्या. तेथील बर्लेन नांवाची कंपनी एस. यू. चे भाग आजहि जुन्या आराखड्यांवरून तयार करते. म्हणजे आमच्या 'मूळ' जोडींत अंग जुनें, बुशी बारामतीच्या, आणि सुया नव्या, असा प्रकार झाला. हिला मूळ म्हणावें कीं नाहीं? आमचें उत्तर असें कीं, काय जुनें व काय नवें हें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें असेल, तर म्हणावें. लपविलें असेल, तर त्या शब्दाचा अधिकार गेला.

परंतु गोष्ट येथेंच संपली नाहीं. ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें 'ई. एस.' सुई घालून गाडी सुरू केली, तरी ती अडखळूं लागली. पुनः सर्व तपासलें. माप कोठेंहि चुकलें नव्हतें. तेव्हां ध्यानांत आलें कीं, कार्ब्युरेटर मूळचा आहे, पण पेट्रोल मूळचें नाहीं. आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. २०२२ च्या मध्यास हें प्रमाण देशांत दहा टक्क्यांवर गेलें, आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर पोंचलें. मद्यार्काच्या पोटांतच प्राणवायु असल्यामुळें त्यास जळण्यासाठीं हवा कमी लागते. जेट व सुई मात्र जुन्या हिशेबानेंच पेट्रोल सोडतात. परिणामीं मिश्रण पातळ पडतें. शिवाय मद्यार्क पाणी ओढून घेतो, जुनें रबर फुगवितो, आणि जुन्या बुचाच्या फ्लोटवर लाखेचें जें रोगण असे तें विरघळवितो. यांतील मौज, किंवा खंत, अशी कीं हा मद्यार्क येतो कोठून? पुष्कळसा उसापासून. ज्या नीरा डाव्या कालव्यानें १८८५ च्या सुमारास या कोरड्या मुलुखांत पाणी आणलें, त्या पाण्यावर ऊस आला. उसावर साखर-कारखाने आले. आणि आतां त्या कारखान्यांच्या जोडीला आसवन्या आल्या आहेत. आमच्या स्नेह्यांचा ऊसच जणूं फिरून त्यांच्या गाडींत आला, आणि वडिलांच्या कार्ब्युरेटरशीं भांडूं लागला! उसाला भाव मिळतो म्हणून त्यांना इथेनॉल हवें आहे, आणि गाडीसाठीं तेंच नको आहे. हें दुहेरी नातें त्यांनीं हंसत हंसत कबूल केलें.

शेवटीं मिस्त्रींच्या सल्ल्यानें किंचित् अधिक पेट्रोल सोडणारी सुई बसविली, मद्यार्कास दाद न देणाऱ्या नव्या चकत्या घातल्या, आणि गाडी सुरळीत चालूं लागली. म्हणजे कारखान्याच्या शब्दाशीं इमान राखावयाचें तर गाडी चालेना, आणि त्याच्या हेतूशीं इमान राखावयाचें तर शब्द बदलावा लागला. दोन्ही 'ई. एस.' सुया एका पाकिटांत घालून, वर सन आणि कारण लिहून, ठेवून दिल्या आहेत.

हा सारा खटाटोप आतांच कां करावयाचा, याचेंहि एक कारण आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पिॲजिओ कंपनी तीन चाकी गाड्या, आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरहि तयार करते. ज्या व्हेस्पाचा कार्ब्युरेटर साफ करणें हा आमच्या पिढीच्या रविवार सकाळचा विधि होता, तिच्यांतूनहि आतां तो नाहींसा झाला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांबरोबर आपल्या देशांतील नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याचें काम विजेच्या आज्ञेनें चालणारी पिचकारी करूं लागली. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हें झालें तें योग्यच झालें. पण जो हात नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून 'पेट्रोल कमी पडतें' म्हणून सांगत असे, तो हात आतां म्हातारा होत चालला आहे. आमच्या मिस्त्रींच्या दोन मुलांपैकीं एकहि या कामांत नाहीं. वस्तु पुढेंमागें सॉल्सबरीहून मागवितां येईल; ही जाणती बोटें मागवितां येणार नाहींत.

आरंभीं जी शंका वाचकांच्या वतीनें आम्हींच काढली होती, तिचें उत्तर आतां देतों. आपल्या घराघरांत असल्या लहान वस्तु आहेत: आजोबांचें घड्याळ, शिवणयंत्र, हार्मोनियम, तेलाचें इंजिन. त्या दुरुस्त करतांना आपण एक तर जुनें सारें काढून भंगारांत देतों, किंवा चमकदार नकलेस 'अस्सल' म्हणून मिरवितों. या दोहोंमध्यें एक तिसरी वाट आहे, आणि ती आम्हांस एका कार्ब्युरेटरनें शिकविली. आमच्या स्नेह्यांनीं तो फियाटचा सोलेक्स स्वच्छ करून, तेल लावून, फडक्यांत गुंडाळून त्याच पडवींतील फडताळांत ठेवला आहे. पट्टीहि सोबत आहे. वर चिठ्ठी आहे: 'वडिलांच्या हयातींत गाडीवर हा होता.' चिठ्ठीखालीं मिस्त्रींनीं आपल्या हातानें त्याच्या जेटचें माप लिहिलें आहे.